भावाची इंजिनं

धाकट्या भावाच्या माघारी त्याची खेळण्यातली वाफेची इंजिनं माझ्याकडे आली. वाफेची म्हणायची, आत १२ व्होल्टची मोटर! वीज रुळांतून चाकांत जाते. चाकांवर काळा मळ बसला की इंजिन अडखळतं. स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं की पुन्हा धावतं.

सर्वात जुन्याचा सांगाडा मात्र जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा. ओततानाच त्यात शिशाचा अंश राहिला, तर धातू वर्षानुवर्षं फुगतो, तडकतो, शेवटी भुगा होतो. त्याला उपाय नाही.

पुतण्या विचारतो, "काका, बाबांनी नीट ठेवलं नव्हतं का?"

ठेवलं होतं रे. खोट घडवणाऱ्याची, तुझ्या बाबांच्या निगेत काही कमी नव्हतं. बाकीची तीन चालतात. दिवाळीत ये, दोघं मिळून चालवू.