चार हात वाट

पाय चालते होते तोवर फुटपाथची कड मला कधी दिसलीच नव्हती. पाऊल आपसूक उचललं जायचं. गुडघ्यानं डोळ्यांना कधी तसदी दिली नाही. आता गल्लीच्या तोंडाशी आलो की नजर आधी तिच्याकडे जाते. कुठे टवका उडालेला, कुठे कालच्या पावसाचं पाणी साचून तळ लपलेला. बोटं आडवी धरून उंची अजमावतो. तीन बोटं माझ्या बॅटरीवरच्या खुर्चीला झेपतात, त्यापुढे नाही.

पहिल्याच आठवड्यात, सायकल घालावी तशी मी खुर्ची कडेवर तिरकी घातली. पुढचं एक चाक वर, दुसरं अधांतरी, आणि आभाळ एका बाजूला कललेलं. कोपऱ्यावरच्या फुलवाल्या मावशींनी टोपली टाकून खुर्ची पाठीमागून धरली. म्हणाल्या, "अहो दादा, देवासमोर तिरकं उभं राहतं का कुणी?"

खुर्चीच्या माहितीपुस्तकात हेच आहे, फक्त कोरड्या शब्दांत: कडेला काटकोनात भिडा, दोन्ही चाकं एकदम टेकवा. चढताना अंग पुढे, उतरताना पाठ मागे, कमरेचा पट्टा आवळलेला. चढण्यात निदान जोर असतो. उतरण्यात नुसता धीर. जॉयस्टिक अगदी हलके पुढे सारायची; पुढची चाकं काठावरून सुटतात आणि क्षणभर पोटात विहिरीत डोकावल्यासारखा गोळा येतो. मग धप्प करून मागची चाकं उतरतात, आणि रस्ता पुन्हा रस्ता होतो.

मदतीला हात खूप धावतात. पण ते धरतात खुर्चीच्या हातांना, आणि ते निघून त्यांच्याच हातात येतात. खुर्ची नि मी मिळून दीड क्विंटलाचं ओझं. ते कुणाच्या कमरेवर का घालावं? एखादा हुशार गडी मोटारीची क्लच सोडायला वाकतो. ती सुटली की ब्रेकही सुटतो, हे ओरडून सांगावं लागतं. "उचलू नका, नुसते मागे उभे राहा," एवढंच मी मागतो.

उंच कडेपाशी तर तेही नको; तिथून मुकाट्यानं उताराकडे वळायचं. मानक सांगतं, फुटपाथ 150 मिलिमीटरहून उंच नको आणि उतार 1:12 चा हवा. म्हणजे एक इंच चढायला बारा इंच वाट. सहा इंचांना बहात्तर. बरोबर चार हात. साडेतीन हातांचा देह एक वीतही नसलेल्या उंचीवर न्यायला चार हात जमीन लागते, एवढाच हिशेब.

आमच्या कोपऱ्यापुढे असा एक उतार आहे. त्याच्या पायथ्याशी कायम स्कूटर उभी असायची. हल्ली मावशी त्याला लागून बसतात, आणि कुणी गाडी लावू लागलं की पाण्याचा हबका तिकडेच जातो. सध्या माझी चार हात वाट मोगऱ्याच्या पहाऱ्यात आहे.