दुधांतला डाग

मुठींत विजेरी धरून बोटें लालभडक झालेलीं पाहण्याचा खेळ लहानपणीं कोणीं केला नाहीं? बोटें उजळतात, पण आंतलें हाड कांहीं दिसत नाहीं. प्रकाश मांसांत शिरला कीं जत्रेंत चुकलेल्या मुलाप्रमाणें पावलोपावलीं दिशा बदलतो, आणि मिलिमीटरभर अंतरांत आपली मूळ वाट विसरून जातो. तरीहि 1977 सालीं फ्रान्स योब्सिस यांनीं दाखवून दिलें कीं, तांबड्यापलीकडचा अदृश्य प्रकाश जिवंत प्राण्याच्या डोक्यांतून आरपार जातो आणि रक्तांतील प्राणवायूची वार्ता बाहेर आणतो.

त्या वार्तेवरून चित्र रेखाटणें हा माझा उद्योग. परंतु वार्ताहराची आधीं पारख करावी लागते. त्यासाठीं आम्ही शरीराचा एक तोतया बनवितों. रुग्णाच्या शिरेंतून देतात तो इंट्रालिपिड नांवाचा दुधासारखा स्निग्ध द्राव पाण्यांत मिसळावयाचा, स्निग्धांश शेंकडा 1 च्या सुमारास ठेवावयाचा आणि वर काळ्या शाईचे मोजके थेंब टाकावयाचे. स्निग्धाचे कण प्रकाश विखुरतात, शाई तो गिळते. दोन्हींचें प्रमाण आपणच ठरविलेलें, म्हणून यंत्रानें काय सांगावें हें आधींच ठाऊक असतें.

एका शनिवारीं माझी थोरली बहीण स्तनांच्या चाचणीसाठीं निरोगी व्यक्ति म्हणून आली. तिला गाडी गांठावयाची होती. मीं तोतयाला फांटा दिला. सायंकाळीं चित्र तयार झालें, तों डाव्या बाजूस एक काळसर डाग! अर्बुदाकडे रक्त अधिक ओढलें जातें, तेथें प्रकाशहि अधिक गिळला जातो, हें मला पुरतें ठाऊक होतें. रात्रीं तिनें फोनवर विचारलें, "काय रे, काय दिसलं?"

"अजून हिशेब चाललाय, अक्का," मीं म्हणालों. रविवारीं प्रयोगशाळा बंद. तो दिवस कसा गेला, तें सांगण्यांत अर्थ नाहीं.

सोमवारीं मीं पहिल्यानें दुधाचें भांडें भरलें. त्यांत ना गांठ, ना रक्त. तरी चित्रांत डाग तेथेंच! मागल्या खेपेच्या द्रावाची सुकलेली साय एका प्रकाशतंतूच्या टोकास चिकटली होती. तें टोंक पुसतांच दूध निर्मळ दिसूं लागलें. अक्काला पुन्हां बोलाविलें. तिचेंहि चित्र निर्मळ आलें. मग मीं तिला सारें सांगितलें.

डाग दिसला याचें मला आतां वाईट वाटत नाहीं. वाटतें तें याचें कीं, बहिणीच्या देहावर संशय घेतांना माझ्या यंत्रावर घ्यावा हें दोन दिवस मनांतहि आलें नाहीं. दुसऱ्यांत जें खोट दिसतें तें पाहण्यापूर्वीं आपली नजर अशाच कोण्या ओळखीच्या दुधांत बुडवून पाहावी, एवढें मीं शिकलों.

अक्का रागावली नाहीं. मात्र भेटली कीं अजून विचारते, "आज यंत्राला दूध पाजलंस ना रे?"