अभ्यासाचे यंत्र

आपल्याकडे कोणतीही वस्तू घरात यायची झाली म्हणजे तिला आधी एखादे सोज्ज्वळ कारण चिकटवावे लागते. नुसती हौस म्हणून काही घेतले असे मध्यमवर्गीय माणूस सहसा कबूल करीत नाही. १९६२ साली माझ्या वडिलांनी घरात रेडिओ आणला तो बातम्यांसाठी. चीनच्या आक्रमणाचे दिवस होते, त्यामुळे कारणही भारदस्त होते. बातम्या आम्ही ऐकत असू, नाही असे नाही. परंतु बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली म्हणजे वडील वर्तमानपत्राचे एकच पान तासभर वाचीत बसत, आणि त्यांच्या पायाचा अंगठा तेवढा तालावर हलत असे. पुढे मी माझ्या मुलीला सायकल घेतली ती शाळेसाठी. शाळा सात मिनिटांच्या वाटेवर होती. सायकल मात्र दिवे लागेपर्यंत घरी येत नसे.

तेव्हा २०२४ च्या मे महिन्यात माझी नात माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आजोबा, मला अभ्यासासाठी लॅपटॉप हवाय," त्या वेळी 'अभ्यासासाठी' या शब्दावर तिने दिलेला भार माझ्या कानांना फार ओळखीचा वाटला.

तिची मागणी अवाजवी नव्हती. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा ती पाचवीत होती आणि तिची सारी शाळा आईच्या मोबाइलमध्ये भरत असे. त्याच मोबाइलवर आईच्या डब्यांच्या ऑर्डरी येत. इकडे गुरुजी लसावि समजावून सांगत असावेत आणि मध्येच "काकू, उद्या दोन डबे जास्त," असा निरोप यावा, असा तो मामला होता. आता ती नववीत जाणार होती. प्रकल्प, सादरीकरणे, जिओजेब्रावरच्या भूमितीच्या आकृत्या, हे सारे तळहाताएवढ्या काचेवर उरकणे कठीणच होते.

प्रश्न पैशांचा होता. जावई गेल्यापासून माझी मुलगी डोंबिवलीत पोळीभाजीचे डबे करते. वीस बायकांची, महिना दोन हजारांची भिशी तिने धरली होती. मे महिन्यात तिचा नंबर लागला आणि चाळीस हजार रुपये हातात आले. वीस महिने पहाटे चारला उठून मळलेली कणीक त्या नोटांत होती. ते पाकीट माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "बाबा, तुमचा जन्म हिशेबात गेलाय. तुम्हीच बघा. पैसे फुकट जाता कामा नयेत. आणि त्यात खेळबिळ काही नको हं."

मी चष्मा पुसला आणि कामाला लागलो. पण हिशेबाच्या खात्यात चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड असते. खर्चाचे कारण पुरते लिहिलेले नसले तर त्याला सही करवत नाही. मी नातीला गॅलरीत बोलावले.

"अभ्यासासाठी, हे कळले. आणि?"

तिने स्वयंपाकघराकडे एकदा पाहिले आणि हळूच म्हणाली, "माइनक्राफ्ट."

हा एक स्वीडनमध्ये जन्मलेला खेळ आहे. त्याची पूर्ण आवृत्ती २०११ साली निघाली. त्यात सारे जग चौकोनी ठोकळ्यांचे असते. ठोकळे खणावेत, रचावेत, हवे ते उभारावे. मामेभावाच्या संगणकावर तिने तो पाहिला होता.

"काय बांधणार तू?"

"राजगड. तिन्ही माच्या आणि बालेकिल्ला."

"अगं, मग दिवाळीत खाली किल्ला करतेसच की."

"कुठे करू आजोबा? खाली सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवलेत. माती आहे कुठे?"

मी खाली वाकून पाहिले. खरेच, इमारतीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लाल-करडी फरशी होती आणि तिच्यावर गाड्या उभ्या होत्या. ओंजळभर मातीसुद्धा दिसेना. आम्ही मुले चाळीच्या मागच्या अंगणात दगडविटा रचून, वर चिखल थापून किल्ले करीत असू. पायथ्याशी हळीव पेरीत असू. ते उगवले की नाही हे पाहायला रात्री कंदील घेऊन जात असू. त्या किल्ल्याला कोणी कारण विचारत नसे, कारण त्याला पैसे पडत नसत. खेळाला पैसे पडू लागले की त्याच्यामागे हिशेबनीस लागतो.

पुढचे पंधरा दिवस मी या यंत्रांचा अभ्यास केला. आकडे माझे जुने सोबती, पण हे आकडे जरा लहरी निघाले. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा आपल्याकडे घडवलेला संगणक कामाला लागला. त्याची मेमरी २,०४८ शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता. म्हणजे अवघे दहा किलोबाइट. आज विद्यार्थ्याच्या साध्या लॅपटॉपलाही ८ जीबी मेमरी असावी असे म्हणतात. हे प्रमाण मी कागदावर मांडून पाहिले, तर आठ लाख पटींहून अधिक आले. शास्त्रज्ञांचे संशोधन ज्यात मावत होते त्याच्या आठ लाख पट जागा नववीतल्या मुलीला अपुरी पडू शकते, हे वाचून मला क्षणभर त्या शास्त्रज्ञांविषयी फारच आदर वाटला.

आणखी एक गोष्ट सापडली. संगणक आणि खेळ ही जोडी काही आजची नव्हे. अमेरिकेतल्या एमआयटीमधील तरुण मंडळींनी १९६२ साली लक्षावधी रुपयांच्या यंत्रावर अवकाशयुद्धाचा खेळ रचला. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन यांनी ग्रहांमधून प्रवास करण्याचा एक खेळ पीडीपी-७ नावाच्या जुन्या यंत्रावर बसवला आणि त्याच यंत्रावर पुढे युनिक्सचा जन्म झाला. वकिली करायची तर पुरावा भरपूर होता. पण मी तो मुलीपुढे मांडला नाही. खेळातून मुले शिकतात, खेळातूनच मोठे शोध लागतात, असे म्हणणे म्हणजे खेळाला पुन्हा अभ्यासाचे सोवळे नेसवणेच झाले. माझ्या नातीला राजगड बांधायचा होता. त्यातून युनिक्स निघाले नसते तरी तिला तो बांधायचाच होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघे लॅमिंग्टन रोडवर गेलो. या रस्त्याला डॉ. भडकमकर मार्ग असे नाव देऊन कैक वर्षे झाली, परंतु संगणकाचा बाजार म्हटले की लोकांच्या तोंडी अजून जुनेच नाव येते. ग्रँट रोड स्टेशनातून बाहेर पडून थोडे चालले की वायरी, पंखे, कळफलक आणि खोकी यांनी फुललेली ती दुकाने लागतात. एका दुकानात कुडाळकडचा एक चुणचुणीत मुलगा होता. त्याने विचारले, "काका, बजेट किती? आणि कशासाठी पाहिजे?"

"चाळीस हजारांच्या आत," मुलगी म्हणाली. "शाळेच्या अभ्यासासाठी. बाकी काही नाही."

त्याने लगेच चोवीस हजारांचे एक चकचकीत यंत्र पुढे ठेवले. सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी मेमरी, आणि ती वाढवण्याची सोय नाही. विंडोज ११ चालवायला किमान ४ जीबी मेमरी लागते, म्हणजे हे यंत्र पात्र होते खरे, पण पस्तीस गुण मिळवून पास झालेल्या मुलासारखे. मुलीचा चेहरा उजळला. चाळीसपैकी सोळा हजार वाचत होते. नात जमिनीकडे पाहत उभी होती.

मी म्हणालो, "थोडे खेळणेही होईल."

मुलीने माझ्याकडे पाहिले. नातीने पाहिले नाही, पण तिचे कान लाल झाले. दुकानातल्या मुलाने मात्र ते यंत्र मुकाट्याने उचलले. "मग हा नको, काका. तसाही दोन वर्षांत रडवला असता."

मग खरा बाजार सुरू झाला. त्याने एक जुना, ऑफिसातून निवृत्त झालेला लॅपटॉप दाखवला. अंगाने मजबूत, किंमत अठरा हजार. पण त्याचा इंटेल प्रोसेसर सहाव्या पिढीचा होता, आणि विंडोज ११ ला आठव्या पिढीपासूनचाच इंटेल चालतो. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर झालेले होते, आणि ठरल्याप्रमाणे ती संपलीही. निवृत्त माणसाने निवृत्त यंत्र नाकारताना मला थोडे जड गेले. दुसऱ्या टोकाला वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेले, लाल दिव्यांच्या कळांचे, अठ्ठावन्न हजारांचे एक धूड होते. त्याच्याकडे पाहून नातच म्हणाली, "एवढं नाही लागत आजोबा माइनक्राफ्टला." पोरगी आपली गरज नेमकी ओळखून होती, आणि आता ती उघड बोलू लागली होती.

शेवटी दोन यंत्रे समोर राहिली. दोन्हींवर 'रायझन ५' असेच लिहिलेले. एकाचा पुढचा आकडा ५५००यू, दुसऱ्याचा ७५२०यू. सामान्य गिऱ्हाईक म्हणणार, सात हजार पाचशे वीस मोठा, तोच चांगला. पण मी घरून टिपण करून नेले होते. ७५२० मधला पहिला आकडा वर्षाचा. आतली घडण कोणती, हे तिसरा आकडा सांगतो. हा खुलासा एएमडी कंपनीने स्वतःच प्रसिद्ध केलेला आहे. तिसरा आकडा २, म्हणजे 'झेन २', अर्थात २०१९ सालची घडण. गंमत अशी की ५५००यू देखील त्याच घडणीचा. मात्र त्याला सहा कोअर, याला चार. चित्रे रंगवणारे विभाग त्याच्यात सात, याच्यात नव्या धाटणीचे असले तरी दोनच. नव्या आकड्याचे यंत्र बॅटरी जपून वापरते, आणि नुसत्या लिहिण्यावाचण्याला ते पुरेसे आहे. पण राजगड चढायचा तर सहा आणि सात हेच आकडे उपयोगाचे.

शिवाय त्या जुन्या आकड्याच्या यंत्रात ८ जीबी मेमरीची एक पट्टी बसवलेली आणि दुसरीची जागा मोकळी होती. अशा यंत्रात ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य मेमरीतूनच उसने घेते. दोन पट्ट्या असल्या म्हणजे दोन नळांनी हंडा भरावा तसा माल लवकर पोचतो. फिरती तबकडी नको, ५१२ जीबीची एसएसडी हवी, एवढे पाहून घेतले. यंत्राचे छत्तीस हजार नऊशे, जीएसटी त्यातच. दुसऱ्या पट्टीचे एकोणीसशे. एकूण अडतीस हजार आठशे. नातीने ते यंत्र स्वतःच्या दप्तरात घालून, दप्तर पाठीवर घेऊन दुकानात चार पावले चालून पाहिले. ही परीक्षा माझ्या टिपणात नव्हती.

बिल होईपर्यंत मुलगी आणि मी बाहेर फूटपाथवर उभे होतो. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं ना बाबा, खेळाचं काही नको म्हणून."

मी म्हणालो, "किल्ला दुकानदारापासून लपवला तर यंत्र किल्ल्याच्या मापाचे मिळत नाही. आणि तुझ्यापासून लपवला तर ती तो रात्री पांघरुणात बांधील."

ती बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिली. मग एकदम म्हणाली, "सायकलचं तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं की. शाळेच्या वाटेवर खाडी नव्हती. चाकांना मात्र रोज खाडीचा चिखल असे."

"मग बोलला नाहीत कधी?"

"चाके मीच धूत असे," मी म्हणालो. "तुझी आई पाहण्याच्या आत."

ती हसली नाही. पदराने कपाळ पुसल्यासारखे करून आत गेली आणि दुकानातल्या मुलाला म्हणाली, "भाऊ, उरलेल्या बाराशेत एक चांगला माऊस बसतो का बघा. तिला किल्ला बांधायचाय."

खेळ मी माझ्या पैशांतून घेतला. दिवसाला पाऊण तास, तोही गृहपाठ झाल्यावर, असा करार मायलेकींनी आपसांत केला. करार अधूनमधून मोडतो आणि त्यावरून भांडणेही होतात, पण उघड्यावर. डब्यांचा हिशेब आता त्याच यंत्रावर असतो, आणि तो माझ्यापेक्षा नीटनेटका असतो हे मी एक जुना हिशेबनीस म्हणून नमूद करतो.

२०२४ च्या दिवाळीत मी डोंबिवलीला होतो. राजगड बराच उभा राहिला होता. पद्मावती माची झाली होती, सुवेळा माचीवरच्या खडकातले नेढेसुद्धा पोरीने ठोकळे काढून साधले होते. रात्री अकराला दुसऱ्या दिवसाची भाजी चिरून मुलगी बाहेर आली, ओले हात पदराला पुसून लेकीच्या मागे उभी राहिली आणि जरा वेळाने म्हणाली, "पायथा अगदीच उघडा दिसतोय गं. इथे हळीव पेरता येत नाही का?"

नातीने आईसाठी खुर्चीवर अर्धी जागा केली. मी घड्याळाकडे पाहिले. पाऊण तास केव्हाच होऊन गेला होता. त्या रात्रीचा जादा वेळ कोणत्या खात्यावर मांडावा, हे मला कोणी विचारले नाही.