दवाखान्याच्या नोंदीतलं 'पडून लागलं'



बातम्यांसाठी मी सरकारी दवाखान्यातल्या पोलीस चौकीत जातो. अपघात किती, विषप्राशन किती, हाणामारी किती, हे एमएलसीच्या नोंदीत बघायचं, हे आम्हा तालुक्याच्या पत्रकारांचं नेहमीचं काम. लहान मुलांच्या नावापुढे बहुतेक वेळा एकच कारण असतं: 'पडून लागलं'. मुलं पडतातच, त्यात काही नवल नाही. पण मागे एका नोंदीवर नजर अडकली. वय ३ महिने, कारण 'खेळताना पडून'. तीन महिन्यांचं लेकरू धड कुशीवरही वळत नाही, ते खेळताना पडेल कसं? तिथल्या हवालदारांना विचारलं तर म्हणाले, "भाऊ, नातेवाइकांनी सांगितलं ते लिहिलं. घरचं प्रकरण, आपण कशाला खोलात जायचं?"

आई-बापांनी मारलं असं मी म्हणत नाही. मोठ्या भावंडाच्या हातून सुटलं असेल. पण कोणी विचारलंच नाही तर कळणार कसं?

हा प्रश्न फक्त आपल्या गावचा नाही. अमेरिकेत डॉ. हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ सालीच लिहून ठेवलं, की मुलाची जखम आणि घरच्यांनी सांगितलेली हकिकत जुळत नसेल तर डॉक्टरांनी मारहाणीची शंका घेतली पाहिजे. पुढे त्यातून साध्या खुणा ठरत गेल्या. चालतं मूल पडलं तर गुडघा, नडगी, कपाळ फुटतं. पण चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या छाती-पोटावर, पाठीवर, कानावर, मानेवर काळं-निळं दिसलं तर थांबून बघायचं. चार महिन्यांपर्यंतच्या बाळाच्या अंगावर तर असा डाग कुठेही दिसला तरी. जखम जुनी पण दवाखान्यात आज आणलं, हकिकत दर वेळी बदलते, एक्स-रेत जुनं फ्रॅक्चर दिसतं, याही खुणाच.

मात्र शंका म्हणजे आरोप नव्हे. आपल्याकडे कित्येक बाळांच्या पाठीवर, कमरेखाली जन्मतःच निळसर डाग असतात. रक्त न गोठण्याचा आजार असतो, हाडं ठिसूळ असतात. मेळघाटात बाळाचं पोट फुगलं की 'डंबा' म्हणून तापल्या लोखंडाचे चटके देतात. तिथे आईला मूल वाचवायचंच असतं, पण लेकरू भाजतं ते भाजतंच. म्हणूनच तपासणी नीट हवी, आणि ती प्रत्येक जखमी मुलाची हवी. झोपडपट्टीतून आलेल्याला प्रश्न विचारायचे आणि बंगल्यातून आलेल्याला चहा पाजायचा, असं नको. सगळ्यांना तेच चार प्रश्न विचारले तर कोणाला अपमान वाटायचं कारण नाही, आणि निर्दोष आई-बापांवर बोटही उठणार नाही.

कायद्याचं बघा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 'पोक्सो'खाली पोलिसांना कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मारहाणीसाठी बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७५ आहे, सांभाळणाऱ्याने क्रूरपणे वागवलं तर ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण मारहाणीची शंका आली तर डॉक्टरांनी कळवावं, हे बंधन 'पोक्सो'इतकं थेट नाही. मग रात्रपाळीचा एकटा डॉक्टर, बाहेर नातेवाइकांची गर्दी, तो 'पडून' लिहून मोकळा होतो. त्याला एकट्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या हातात छापील प्रश्नावली आणि पाठीशी अधीक्षक हवेत.

माझी मागणी एवढीच. आपल्या अपघात विभागात मुलांसाठी एक पानी प्रश्नावली ठेवा. शंका आली तर जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला कळवायचं, हे नर्सपासून सगळ्यांना सांगा. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

आणि आपण सगळ्यांनी एक पाळू या. शेजारच्या लेकराच्या अंगावर वळ दिसले तर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका, मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे. १०९८ लावा. 'घरचं प्रकरण' म्हणून सगळे गप्प बसले, तर त्या लेकरानं सांगायचं कुणाला?