कानाशी एक खिडकी

नैवेद्य दाखविल्याशिवाय चव घ्यायची नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. त्यामुळे सणाच्या दिवशी आमटीत मीठ किती पडले हे पंगतीला आधी कळते आणि जिने ती आमटी केली तिला सर्वांत शेवटी. गिटार वाजविणाऱ्याची स्थिती काहीशी अशीच असते. तबलीवरचे ते चार इंचांचे गोल तोंड श्रोत्यांकडे वळलेले असते आणि वाजविणारा बसतो त्या तोंडाच्या मागे. खर्ज चोहीकडे पसरतो, तेवढा त्याला मिळतो. परंतु नादातला स्पष्ट, धारदार भाग सरळ समोर निघून जातो. ज्याची बोटे तारांवर सोलून निघतात, त्याच्या वाट्याला उरलेसुरलेच येते.

साताऱ्याला माझ्या बहिणीच्या घरी याचा पुरावाच मिळाला. भाच्याने साडेपाच हजारांची गिटार घेतली होती. या किमतीच्या गिटारीची तबली व बाजू बहुधा प्लायवूडच्या असतात. प्लायवूड टिकते चांगले, पण एकसंध पातळ लाकडासारखे चटकन बोलत नाही. मुलाला आपले वाजविणे ऐकू येईना, म्हणून तो तारांवर अधिक जोराने हात मारी. तो जोर समोरच्या बिऱ्हाडात पोहोचे. तिथले काका दारात येऊन म्हणत, “वहिनी, चिरंजीवांना म्हणावं, आम्हांला सगळं ऐकू येतंय हो!” आणि चिरंजीवांची तक्रार नेमकी उलट.

एके दिवशी त्याने मला एक चित्र दाखविले. “मामा, हे बघ.” गिटारीच्या वरच्या बाजूच्या फळीला, वाजविणाऱ्याच्या तोंडाकडे वळलेले, लंबगोल भोक होते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेतील रॉबर्ट रक यांच्यासारख्या कारागिरांनी ही युक्ती आपल्या गिटारींत वापरली. आरंभी ती हातबनावटीच्या महाग वाद्यांतच दिसे. आता बेताच्या किमतीच्या काही गिटारींनाही असते. जणू वाजविणाऱ्याच्या कानाशी उघडलेली खिडकीच!

तशी खिडकी घरच्या ड्रिलने पाडायचा त्याचा बेत ऐकून बहीण म्हणाली, “घेऊन वर्ष झालं नाही, आणि भोकं कसली पाडतोस?” मला सांगलीला जायचेच होते. गिटारीसह भाच्याला बरोबर घेतले आणि साताऱ्याहून गाडीने दोघे आधी थेट मिरजेस उतरलो.

मिरजेची सतारमेकर गल्ली ठाऊक नाही असा गवई विरळा. इथले शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले आणि तलवारी पारखणारे हात भोपळे पारखू लागले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेस स्थायिक झाले. ते स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. १९३७ साली ते वारले, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

ज्यांच्याकडे गेलो ते चाचा सत्तरीचे असावेत. त्यांनी गिटारीच्या बाजूवर बोटाने टिचकी मारली, आरसा आत घालून पाहिले. “फळी दोन-अडीच मिलिमीटरची आहे, बेटा. भोक पाडायला दहा मिनिटं लागतील. चुकलं तर बुजवायला मात्र कुणी नाही.”

भाच्याचा चेहरा उतरला. तेव्हा चाचांनी भिंतीशी टेकलेला एक तंबोरा उचलून त्याच्या मांडीशी उभा केला आणि दांडी कानाजवळ आणली. “छेड. जोर नको.” घोडीवरच्या तारांखाली सुताचा बारीक धागा सरकवून त्यांनी जव्हारी मिळविली, आणि चार तारांचा गुंजारव खोलीभर झाला. तंबोऱ्याला गिटारीसारखे मोठे तोंड नसते. मैफलीत तो सर्वांना ऐकू येतो खरा. पण त्याची खरी गरज गाणाऱ्याला. त्याचा आधार कानाशी असला म्हणजे गळ्याला आपला षड्ज शोधीत हिंडावे लागत नाही. मुलगा पाच-सात मिनिटे नुसता छेडीत राहिला. कुणी सांगितले नसता त्याचा हात हलका झाला होता.

मग चाचांनी गिटार हाती घेतली. आधी आतून पातळ लाकडाचे ठिगळ चिकटविले, म्हणजे फळी तडकू नये. ते वाळेपर्यंत मी सांगलीचे काम उरकून आलो. मग त्यांनी अंगठ्याएवढेच भोक पाडले. वाजवून पाहिले, कानशीने थोडे वाढविले, पुन्हा वाजविले. एकदम मोठे का नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, “साहेब, वाट वाढली की आतल्या हवेचा सूर चढतो. फार वाढवली तर खर्ज जाईल.” पोकळी तीच ठेवून तोंडे वाढविली तर आतल्या हवेचे कंपन उंच स्वराकडे सरकते, हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ च्या आपल्या ग्रंथात मांडलेल्या विचाराशी जुळणारेच आहे. चाचांनी तो ग्रंथ वाचला नसावा. त्यांचे पुस्तक त्यांच्या बोटांत होते.

शेवटी त्यांनी भाच्याला वाजवायला बसविले आणि त्या नव्या भोकावर आपला तळवा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मी समोरच्या स्टुलावर बसून कान देऊन ऐकत होतो. खरे सांगायचे तर मला फरक जवळजवळ कळला नाही. परंतु दर वेळी तळवा उचलला जाई तेव्हा मुलाच्या भिवया नकळत वर जात, आणि बोटे आणखी हळू, आणखी नेमकी पडत. चाचा त्याच्याकडे पाहत होते, गिटारीकडे नव्हे.

“आता हळू वाजव,” ते म्हणाले, “तुला ऐकू येतंय.”