चित्र आलं का?

दुकानातला टीव्ही हा कांदेपोह्यांना आलेल्या नवऱ्या मुलासारखा असतो. त्या घटकेला तो जितका उजळ दिसतो, तितका पुन्हा कधी दिसत नाही. बँकेतून सणाचा अॅडव्हान्स उचलून आम्ही ४३ इंची हाय डेफिनिशन टीव्ही घेतला, तेव्हा दुकानात त्याच्यावर एक पोपट पंख साफ करत बसला होता. पीस न् पीस मोजून घ्यावं आणि पावती फाडावी, इतका स्वच्छ! घरी आणून क्रिकेट लावलं, तर मैदान पोपटाच्या रंगाचं आणि खेळाडूंची तोंडं टोमॅटोच्या.

"असतं हल्ली असंच," ही म्हणाली.

पण मी पडलो कॉमर्सचा. टॅली लागल्याशिवाय मला जेवण जात नाही. रिमोट घेऊन मेनूत शिरलो. तिथे चित्राची तयार खाती असतात : व्हिव्हिड, स्टँडर्ड, सिनेमा. आमचं व्हिव्हिडमध्ये होतं, ते सिनेमावर नेलं. माणसं माणसांसारखी दिसू लागली. समाधानानं चहा घेतला, तोवर टोमॅटो परत! चिरंजीवांवर ओरडलो. चिरंजीवांनी आजोबांकडे बोट दाखवलं. तीन दिवस घरात एकमेकांवर पाळत होती.

चौथ्या दिवशी उलगडा झाला. पहिल्यांदा चालू करताना टीव्हीनं विचारलं होतं, 'घर की दुकान?' न वाचता सह्या करणाऱ्यांवर गेली वीस वर्षं काउंटरवरून खेकसणाऱ्या मी न वाचता बटण दाबलं होतं. बिचाऱ्याला वाटत होतं, आपण अजून दुकानातच आहोत. म्हणून दर पाच मिनिटांनी तो गिऱ्हाइकासाठी पुन्हा पावडर-लिपस्टिक करत होता.

ते सुटल्यावर मी एकेका बटणाच्या मागे लागलो. ही नावं कोणी ठेवली देव जाणे! ब्राइटनेस वाढवला की उजेड वाढत नाही, काळं करडं होतं. उजेड हवा तर बॅकलाइट नावाचं वेगळंच खातं. (बँकेतल्या सेव्हिंग्ज खात्यात तरी सेव्हिंग कुठे असतं म्हणा!) शार्पनेस वाढवला की प्रत्येक माणसाभोवती कोणी खडूनं आखल्यासारखी पांढरी किनार उमटते, म्हणून तो जवळजवळ शून्यावर आणायचा. 'हालचाल गुळगुळीत करा' असं काहीसं एक बटण असतं. ते चालू राहिलं तर जुना सिनेमासुद्धा शेजारच्या लग्नाच्या व्हिडिओसारखा दिसतो. बंद करून टाकलं.

तरीही पोपटाची सर येईना. एक दिवस पंखा पुसताना स्टुलावरून टीव्हीच्या पाठीमागे नजर गेली. सेट टॉप बॉक्समधून लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन वायरी निघालेल्या. पुण्यात २०१३ साली केबल डिजिटल झाली, तेव्हापासूनच्या त्या आमच्या घरात होत्या. केबलवाल्या पोरानं बॉक्स नवा, एचडीचा दिला, आणि वायर जुनीच खुपसली. पिवळ्या वायरीतून हाय डेफिनिशन येतच नाही हो! त्याला एचडीएमआयची वायर लागते. दीड महिना मी एचडीचे पैसे भरून साधं चित्र बघत होतो.

पोराला बोलावलं. "काका, दिसतंय की!" तो म्हणाला. मी कागदावर हिशोबच मांडला. साधं चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे सव्वाचार लाख ठिपके. एचडी १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर. जमा वीस लाख आणि पासबुकात सव्वाचार? पोरानं मुकाट्यानं वायर बदलली. बॉक्सच्या मेनूतही ५७६ होतं, ते मी १०८०आय केलं. त्यातला 'आय' म्हणजे आधी एकाआड एक ओळी येणार, उरलेल्या मागून; थोडक्यात, हप्त्यानं. ते मला लगेच समजलं. मग चारी बाजूंनी कापला जाणारा धावफलक 'स्क्रीन फिट'नं आत घेतला, साध्या चॅनलवरची ताणून जाडी झालेली माणसं ४:३ करून सडपातळ केली, आणि आरामखुर्चीकडे वळून विचारलं, "अण्णा, कसं काय?"

"पिवळट आहे," अण्णा म्हणाले.

रंगांत एक 'वॉर्म' आणि एक 'कूल' असतं. तज्ज्ञ म्हणतात, वॉर्मच खरं; पहिले दोन दिवस पिवळं वाटतं, मग डोळा सरावतो. मी दोन दिवस थांबलो. अण्णा सरावले नाहीत. कूल केलं, तर म्हणाले, "आता निळं मारतंय." मधलं केलं, तर म्हणाले, "मघाशी निळं होतं, आता पिवळं."

मला राग आला. पण खरं सांगायचं तर अण्णांचा अधिकार मोठा. १९८७ साली 'रामायण' सुरू झालं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. रविवारी सकाळी अण्णा बनियनवर गच्चीत अँटेना धरून, तोंड सिंहगडाच्या मनोऱ्याकडे, आई खिडकीत, मी टीव्हीपुढे. "आलं का?" अण्णा विचारायचे. "आलं... आलं... गेलं!" मी ओरडायचो. अँटेना सोडली की चित्र जायचं, म्हणून ते वरच उभे राहायचे. सगळ्या वाड्यानं रामायण पाहिलं. अण्णांनी बरंचसं ऐकलं.

एका रात्री पाणी प्यायला उठलो, तर बाहेर आवाज बंद करून टीव्ही चालू. अण्णा समोर बसलेले, तळहातानं एकदा उजवा डोळा झाकताहेत, एकदा डावा.

"काय करताय?"

"काही नाही रे. उजव्यानं निळं दिसतं, डाव्यानं पिवळं."

उजव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वर्षापूर्वी झालं होतं. डाव्याची तारीख ते 'बघू पुढे' म्हणून ढकलत होते.

"मला बोलला नाहीत ते?"

"तुझा टीव्हीचा हप्ता चालू झालाय ना नुकताच. म्हटलं, जाऊ दे चार महिने."

मी टीव्ही बंद केला. त्या रात्री मला टॅली काही लागली नाही.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं : वयानं डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, पण हळूहळू, म्हणून कळत नाही. ते काढून नवं बसवलं की अडलेला निळा पुन्हा आत येतो. म्हणजे दीड महिना मी ज्याच्यावर बटणं दाबत होतो, तो टीव्ही मुळी बरोबरच होता.

डाव्याचं ऑपरेशन झालं. औषधाचे थेंब, काळा चष्मा, डोकं धुवायची बंदी, सगळं यथासांग पार पडलं. चष्मा उतरल्यावर अण्णा खुर्चीत बसले, टीव्हीकडे बराच वेळ बघत राहिले.

"आता लावलंस बघ बरोबर!"

मी रिमोटला हात लावला नव्हता. तरी "हो" म्हणालो.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि बघतच राहिले.

"अरे, तुझे केस केवढे पांढरे झालेत!"

"झालेत खरे."

"बघ बाबा," अण्णा म्हणाले, "त्या वॉर्म-कूलमध्ये काही कमी होत असतील तर."