कुकीवाली

संकेतस्थळाचं पान उघडायच्या आत कुकींसाठी संमती मागणारी ही पट्टी हजर. कधी पडद्याच्या तळाशी पसरते, कधी थेट मधोमध ठाण मांडते आणि मागचा मजकूर पुसट करून टाकते. बातमी नंतर, आधी हिचं पालुपद: 'आम्हाला तुमच्या खासगीपणाची कदर आहे.' इतकं गोड बोलणाऱ्याला वसईच्या बाजारात कुणी वांगीसुद्धा उधार देणार नाही.

हिचा खरा स्वभाव बटणांत दिसतो. 'ॲक्सेप्ट ऑल' ठसठशीत, निळं, अंगठ्याच्या बरोबर खाली. शेजारचं 'मॅनेज सेटिंग्ज' राखाडी, अंग चोरून उभं. वसईतल्या सांडोरचे आमचे काका चष्मा कपाळावर ढकलतात, निळं दाबतात आणि मोकळे होतात. 'नाही' म्हणायचं तर आत शिरावं लागतं. तिथे खटक्यांची रांग: आवश्यक (हा बंद होतच नाही), मोजणी, जाहिरात. त्याच्याही आत 'भागीदारां'ची शेकडो नावं आणि 'कायदेशीर हितसंबंध' नावाचा कप्पा. त्यातले खटके बहुधा आधीच चालू. गंमत म्हणजे तुमचा नकार लक्षात ठेवायलाही तिला एक कुकी, म्हणजे ब्राउझरमधली छोटीशी नोंद, ठेवावी लागते. ब्राउझर साफ केलात की पुन्हा अनोळखी होऊन तेच विचारते.

कुकी हिच्याहून वयाने मोठी. 1994 साली नेटस्केपमधल्या लू माँटुलीने ती घडवली, दुकानाच्या पानाला तुमची टोपली आठवावी म्हणून. पुढे जाहिरातवाल्यांनी तिला घरोघर नजर ठेवायला लावलं. मग युरोपने 2009 मध्ये 'आधी विचारा' असा नियम केला, 2018 मध्ये जीडीपीआर हा माहिती संरक्षणाचा कायदा लागू झाला, आणि ऑक्टोबर 2019 मध्ये तिथल्या न्यायालयाने 'प्लॅनेट 49' खटल्यात बजावलं की आधीच खूण केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. नकार देणं होकाराइतकं सोपं ठेवलं नाही म्हणून फ्रान्सने गूगलला पंधरा कोटी युरोंचा दंड ठोकला, तेव्हा कुठे ही बाई जरा सरळ झाली. आयर्लंडमधल्या भाचीच्या फोनवर 'रिजेक्ट ऑल' आता बहुतेक वेळा पहिल्याच पडद्यावर असतं. सांडोरमध्ये तीच पानं उघडली तर कित्येकदा ही येतच नाही. हा काही तिचा संयम नसतो, विचारायची सक्ती नसते एवढंच. मोजणी मुकाट सुरू होते. मला तर तिच्या गोड बोलण्यापेक्षा हे न येणंच जास्त खुपतं.

वहिनींनी राजेळी केळ्यांची सुकेळी विकायला छोटं संकेतस्थळ काढलं, तेव्हा ही घरातच राहायला आली. पाहुण्याची संमती गूगलला कळवणाऱ्या 'कन्सेंट मोड'मध्ये चार खटके: जाहिरातीसाठी साठवण, मोजणीसाठी साठवण, वापरणाऱ्याची माहिती जाहिरातीसाठी गूगलकडे पाठवणं, आणि त्याच्या आवडीप्रमाणे जाहिरात दाखवणं. वहिनींनी चारही सुरुवातीपासून 'नामंजूर'वर ठेवले. पाहुणा 'हो' म्हणेल तेव्हाच उघडायचे. दुसऱ्या आठवड्यात पाहुण्यांचा आलेख घसरला. गिऱ्हाईक तेवढंच होतं, फक्त मोजलं जात नव्हतं. शिवाय प्रगत मांडणी निवडली तर 'नाही' म्हटल्यावरही कुकीविना इशारे गूगलकडे जातच राहतात, हे कळल्यावर वहिनी म्हणाल्या, "म्हणजे नाहीतसुद्धा थोडं हो आहेच की!" त्यांनी साधी मांडणी घेतली.

आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायच्या आहेत. सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचायची सोय द्यावी लागेल, आणि दिलेली संमती परत घेणं देण्याइतकंच सोपं असावं लागेल. वहिनींनी वाट पाहिली नाही. त्यांच्या पट्टीवर आता एवढंच आहे: 'पानावर किती जण आले ते मोजू का?' खाली सारख्याच आकाराची, एकाच रंगाची दोन बटणं, 'मोजा' आणि 'नको'. जाहिरातीचे तिन्ही खटके कायमचे बंद. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "अहो, निम्मा माल तर व्हॉट्सॲपवरच संपतो."